ओवाळणी कमाईत धरत नाहीत

या बाप्पा, जवळ या. दारातूनच "आजी, बरं हाये ना?" विचारायचं अन पळायचं, ही काय रीत झाली? टांगा सुटून राहिला काय तुमचा? बसा. चहा होईस्तोवर आमच्या समोरच्या दिगंबरपंतांची गोष्ट सांगते तुम्हाला.

हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी चुलीपाशी जातो अन भांड्यावरचं झाकण उचलून पाहतो. रामराम नंतर. पूर्वी अकोल्याला वकिलाकडे कारकून होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आता इथं राजापेठेत, आमच्या समोरच्या खोलीत राहतात. इथल्या एका कापसाच्या शेठजींनी आईच्या नावानं धर्मादाय काढला: आंधळ्या-पांगळ्यांना महिन्याची ज्वारी. अट एकच, घरात कमाई नको. अन ही अट पाहायचं काम दिलं पंतांना! नागपूरच्या लाटसाहेबालाही एवढा रुबाब नसेल.

वरण घट्ट दिसलं की पंत विचारणार, "कमाई कोणाची?"

"पंत, पाहुणे येनार हायेत."

"मंग पाहुण्याची कमाई सांग."

अन जे पटलं नाही त्याला एकच वाक्य: "नियमात बसत नाही." माणसालाच नाही, माझ्या खारट कढीलाही ते असंच म्हणाले होते.

एकदा एका आंधळ्या बुवाची ज्वारी त्यांनी मांजरीवरून अडवली. "इतकी लठ्ठ मांजर! म्हंजे घरात दूध येते."

बुवा म्हणाला, "लठ्ठ हाये काय? मले काय माईत बाप्पा, म्या कुठं पाह्यली?"

शेवटी उजेडात पाहिली तर मांजर पंतांचीच निघाली. पंतांकडे दोन वेळा दूध पिऊन बुवाकडे झोपायला जायची. बुवाची ज्वारी चालू झाली. मांजरीशी मात्र पंत आठ दिवस बोलले नाहीत.

तर गंगूची गोष्ट. गंगू आमच्या शेजारची. लहानपणीच पाय गेले. मायबाप नाहीत, भाऊ नाही. आमच्या वाडीतली शेवंती-झेंडूची फुलं घेऊन ओट्यावर हार गुंफते. धर्मादायाच्या ज्वारीची भाकर अन हाराच्या पैशाचं तेल-मीठ, असं तिचं पोट. दोन्ही असलं तर भरतं, एकानं नाही.

दसऱ्याच्या सुमारास शेठजींच्या मुनिमानं चुगली केली, गंगू हार विकते म्हणून. पंत आले, मागून मुनीम. झाकण उचललं, आत अंबाडीची भाजी. तरी पंत म्हणाले, "हाराचे पैसे घेतं ना? मंग गंगू, तू नियमात बसत नाही."

गंगू भडकली. "काहून नाही बसत? उभं राहता येत नाही, चालता येत नाही. जलमभर बसूनच हाये ना मी!"

सगळा ओटा हसला. पंत हसले नाहीत. "हार बंद कर. ज्वारी चालू राहील."

"अन तेल-मीठ?"

"मंग ज्वारी सोड."

"मंग ते तेल-मीठ टाकू कशावर? तुमच्या डोक्यावर?"

पंत ओट्याच्या कडेला बसले. छत्री उघडत, मिटत राहिले. मग एकदम म्हणाले, "मुनीमजी, भाऊबिजेची ओवाळणी कमाईत धरतात काय?"

"नाही धरत."

"झालं मंग. हार बहीण देते, भाऊ ओवाळणी टाकतो. कमाई कुठं आली?"

"पंत, भाऊबीज वर्सातून एक डाव येते. इची रोज?"

"धर्मादायाच्या नियमात तिथी लिवली हाये काय? दाखवा."

"अन इले भाऊ तरी किती?"

"जितके गिऱ्हाईक तितके."

मी विचारलं, "आमचे हे बी घेतात हो हार. मंग मी कोण झाली?"

"तुमी वयनी. आता तिच्याशी खुशाल भांडत जा, नियमात बसते."

मुनीम चिडला. "अन पंत, तुमी कोन? तुमी त कधी हार घेतला नाही!"

पंतांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. "मी मोठा," म्हणाले, अन भर उन्हात छत्री बंद करून चालते झाले.

मुनिमानं सगळं शेठजींना सांगितलं. शेठजी पोट धरून हसले. गंगूची ज्वारी राहिली.

आम्हाला वाटलं, गंमत झाली, संपली. पण भाऊबिजेला सकाळी पंत धुतलेला कोट घालून गंगूच्या दारात हजर. काखेत नवं लुगडं. म्हणे, "इकडूनच जाऊन राहिलो होतो."

गंगू म्हणाली, "दादा, बसा पाटावर."

पंतांनी मागं वळून पाहिलं, दादा कोण आलं म्हणून.

मागं कुणीच नव्हतं. मग बसले. गंगूनं बसल्या बसल्या ओवाळलं, कुंकू लावलं. त्याला आज चार दिवस झाले. पंत रोज आंघोळ करतात, कपाळ तेवढं वाचवून. बाजारात उगाच वांग्याचा भाव करत उभे राहतात, तोंड वर करून. कुणी विचारलं की सांगतात, "बहिणीनं लावलं."

आता राजापेठेत विचारणारं कुणी उरलं नाही. आज अकोल्याला गेले आहेत, जुन्या वकिलाच्या घरी कपाळ दाखवायला. उद्या येतील. तेव्हा बाप्पा, परवा परत या. समोर जा अन विचारा, पंत, कपाळाला काय लागलं? पण लवकर या. कुंकूच ते, किती दिवस टिकणार!