मनोहरभाऊंना अंधार हवा होता

नालवाडीत रस्त्यावरचा दिवा लागला की लोक देवाचे आभार मानत आणि मनोहरभाऊ शिव्या घालत. एकदा तर त्यांनी खांबाला शिडी लावून दिव्यावर चक्क बारदान बांधलं. वायरमन धावत आला, तर त्यालाच सुनावलं, "दिवसभर वर्ध्यात एवढं ऊन पडते बाप्पा, त्यानं पोट नाई भरत का तुमचं?"

मनोहरभाऊ माझे शेजारी. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. डोक्यावर टक्कल, अंगात सदरा-पायजमा. गिऱ्हाईक साडीचा पदर पाहत असताना हे दारातून ढग पाहणार. शेजारीपाजारी कॉम्प्युटर घ्यायला लागले, त्याच सुमारास भाऊंच्या गच्चीवर एक दुर्बीण आली. पाठोपाठ कॉम्प्युटरही वर चढला. मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतला होता. मुलगा बिचारा तोवर नोकरीसाठी पुण्याला पोचला होता.

दुर्बीण आली म्हणून मी हौसेनं बघायला गेलो. पाहतो तर डोळा लावायची जागाच बुजवलेली! फोटोच्या रोलची रिकामी डबी कापून तिच्यात त्यांनी वेबकॅम बसवला होता आणि तो तिथे खुपसला होता.

"भाऊ, मग बघायचं कुठून?"

"पडद्यावर. बसा मास्तर." मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी मास्तर. "हे पाहा, मलमलीचा एक पदर घेतला तर आरपार दिसते. त्याच्यावर दुसरा ठेवा, तिसरा ठेवा. रंग गडद होत जाते का नाई? तसंच हाय हे. कॅमेरा फोटोमागून फोटो काढते, कॉम्प्युटर एकावर एक रचते. जो उजेड डोळ्याले पुरत नाई, तो असा जमत जमत पडद्यावर येते."

पडदा काळाच होता. मी विचारलं, "मग आलं का काही?"

"जमून राह्यलं."

हे "जमून राह्यलं" भाऊंच्या तोंडात कायमचं बसलं. धंदा कसा चाललाय? जमून राह्यलं. मुलाची सोयरीक? जमून राह्यलं. आमच्या घरी सांडग्यांची भाजी नीट शिजली नव्हती, तर वाटी खाली ठेवत माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जमून राह्यलं."

खरी गंमत लोडशेडिंगची. लाईट गेली की सगळी नालवाडी काळीकुट्ट आणि वर चांदण्यांचा सडा. पण कॉम्प्युटरही बंद. लाईट आली की कॉम्प्युटर सुरू, आणि खांबावरच्या दिव्यानं चांदण्या पुसून टाकलेल्या. भाऊ गच्चीत येरझारा घालत ओरडायचे, "अंधार हाय तर लाईट नाई, लाईट हाय तर अंधार नाई! माणसानं करावं तं काय?" शेवटी भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि तिच्यावर इन्व्हर्टर जोडला. ऐन रब्बीच्या पेरणीत ट्रॅक्टर शेतात उभा. भाऊभाऊ बरेच दिवस बोलत नव्हते.

मग एका संध्याकाळी सगळ्या आळीला आमंत्रण गेलं. सतरंज्या अंथरल्या, चिवडा वाटला. पडद्यावर हळूहळू धुरकट उजेड भरू लागला आणि त्याच्या मधोमध एक काळी आकृती उमटली. सहा पाय, दोन पंख. समोरच्या काकूंनी हात जोडले. किराणावाला म्हणाला, "गरुड हाय वाटते." भाऊंचे डोळे भरून आले. मी चष्मा पुसून नीट पाहिलं. कॅमेऱ्याच्या काचेवर मच्छर चिरडला होता.

त्यानंतर बरेच दिवस लोक भाऊंना रस्त्यात थांबवून गरुडाची खुशाली विचारायचे. भाऊ म्हणायचे, "हसा लेकहो."

संक्रांतीनंतर एकदा दिवेलागणीला मी तिळगूळ घेऊन वर गेलो. लाईट गेलेली, इन्व्हर्टर घरघरत होता. मी हट्टच धरला, "आज ती डबी काढा. मला डोळ्यानं बघू द्या." कुरकुरत काढली. मृग नक्षत्राकडे रोखलेल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि चटकन दिसलं. चार चांदण्या आणि त्यांच्याभोवती धुक्याचा पंखा.

"अहो, डोळा लावूनही दिसतंय की! मग हा एवढा कारखाना कशाला?"

खाली कुसुमवहिनी स्वयंपाकात होत्या. भाऊंनी जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाले दिसते, मास्तर. कुसुमले नाई दिसत. लहानपणापासून रातांधळेपण हाय तिले. दिवस मावळला का संपलं. तो शेपटीवाला तारा आलता ना मागं, सारं गाव गच्चीवर होतं, तवा मीबी तिले दाखवला. ती म्हणे, 'दिसला, दिसला, किती छान हाय.' अन् तोंड होतं पाण्याच्या टाकीकडं."

भाऊंनी डबी परत बसवली, पडदा उजळला तसे खाली गेले आणि वहिनींचा हात धरून त्यांना पायरीपायरीनं वर घेऊन आले.

"पोळ्या टाकायच्या राह्यल्या माह्या," वहिनी म्हणत होत्या. "पुन्हा मच्छर दाखोता काय?"

"बस तं खरी."

वहिनी खुर्चीवर बसल्या. पडद्यावर आधी नुसती करड्या रंगाची बुंदी होती. मग धुकं दाटत गेलं, गुलाबी झालं, त्याला कडा फुटल्या. वहिनी पुढे सरकत सरकत पडद्याला नाक लागेपर्यंत गेल्या.

"अवो, हे बारीक बारीक काय हाय आजूबाजूले?"

"चांदण्या."

"इतक्या?" वहिनींनी पडद्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "अन् लोकायले ह्या रोज दिसतात?"

भाऊंनी नुसती मान हलवली. मग लक्षात आलं असावं की अंधारात ते वहिनींना दिसत नाही. म्हणाले, "हो."

"ह्या कोपऱ्यातलीचं नाव काय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं.

"तिले नाव नाई पडलं अजून," भाऊ म्हणाले. "तू ठेव."

मी उठलो. तिळगुळाचा डबा तिथेच ठेवून जिना उतरलो. वरून वहिनींचा आवाज येत होता. जन्मभर नवऱ्याला नावं ठेवत आलेली ती बाई आता एकेका चांदणीला नाव ठेवत होती, आणि प्रत्येक नावाला भाऊ म्हणत होते, "बराबर."