पपनसाचा उतारा

"धरा त्याला! पाटात पडंल त्यो! आधी पपनस, मग हळद!"

तुळशीचं लग्न उरकून लगीनसराई सुरू झाली की आमच्या न्हावऱ्यात हा आवाज डीजेच्या वर चढतो. हळदीचा मांडव भरलेला असतो आणि त्यातून बबनआप्पा धोतराचा सोगा कमरेला खोचून, एका हातात विळा आणि काखेत फुटबॉलएवढं पपनस घेऊन नवरदेवाच्या दाजीमागे धावत असतात. दाजी पळतो, कारण तो प्यायलेला असतो. आप्पा पळतात, कारण त्यांना त्याची उतरवायची असते. पाहुण्यांना वाटतं, आता मुडदा पडणार. गावातली माणसं मात्र खुर्च्या सरकवून दोघांनाही वाट करून देतात.

बबनआप्पांनी जन्मात दारूला बोट लावलेलं नाही. पण दारू या विषयावर त्यांच्याइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस शिरूरपासून दौंडपर्यंत मिळायचा नाही. सारी हयात त्यांनी डेअरीत डिग्री लावून दूध तपासण्यात घालवली, त्यामुळे माणूसही ते दुधासारखाच तपासतात. समोरच्याची हनुवटी वर करायची, डोळ्यांत रोखून बघायचं आणि म्हणायचं, "आन् हिकडं, डिग्री बघू." एकदा तर प्रचाराला आलेल्या पुढाऱ्याची हनुवटी त्यांनी भर सभेत धरली. तो माणूस भाषण न करताच गाडीत जाऊन बसला.

औषध एकच, परसातल्या झाडाचं पपनस. या झाडाची फळं अशी दणदणीत, की एक देठातून सुटून गोठ्याच्या पत्र्यावर पडलं तेव्हा धसक्यानं म्हैस आठवडाभर आटली होती. आप्पांचं शास्त्र सोपं होतं. "दारू आतनं चिकटून बसती, खरवडीवानी. पपनस तिला उलथन्यागत खरवडून काढतंय."

गिऱ्हाईक सापडलं की आप्पा त्याला ओट्यावर बसवत. साल सोलायची, पापुद्रा काढायचा, फोड त्याच्या तोंडात घालायची, आणि दर फोडीला एक गोष्ट सांगायची. शेवटी परीक्षा. पाटाच्या कडेनं चालून दाखवायचं आणि न्हावऱ्यापासून दौंडपर्यंतचे एसटीचे थांबे उलटे म्हणायचे. हे थांबे शुद्धीतल्या कंडक्टरलाही म्हणता यायचे नाहीत. ज्याला जमलं नाही, त्याला दुसरं पपनस.

यातून सुटायचा मार्ग गावानं केव्हाच शोधला होता. तिसऱ्या फोडीला हात जोडायचे आणि म्हणायचं, "उतरली आप्पा, साफ उतरली!" वडीलधाऱ्या माणसाचा मान राहतो आणि आपला घसाही वाचतो. मीही हेच केलं. मेव्हण्याच्या पार्टीनंतर आप्पांच्या तावडीत सापडलो, खणखणीत आवाजात "उतरली" म्हणालो, ताठ चालत निघालो आणि आमच्या गोठ्यात शिरून गव्हाणीत झोपलो. सकाळी आप्पा गावभर सांगत होते, "बघा पपनसाची करामत! शुद्धीवर येऊन थेट गुरांची राखन कराया गेला!" असा एकेक पुरावा साठत गेला. आमच्या मान राखण्यानं आप्पांना डॉक्टर करून टाकलं.

त्यांचा सगळ्यात पक्का पेशंट म्हणजे शंकरमामा. एसटीत ड्रायव्हर होते. आप्पांचे शाळासोबती, त्यामुळे एकमेकांना बबन्या आणि शंकऱ्या म्हणणारी गावात उरलेली ही शेवटची दोन माणसं. दोघांच्याही बायका गेलेल्या, दोघांचीही पोरं शिक्रापूरला कंपनीत. दिवेलागणीला मामा झोकांड्या खात रस्त्यानं यायचे. एसटी कधी अशी चालवली असती तर मामा पहिल्याच दिवशी घरी बसले असते.

"आला का टँकर?" आप्पा ओरडायचे. "बस हितं. डिग्री बघू."

"लई झाली रं बबन्या."

"थोबाड उघड."

मग फोडी, शिव्या, गोष्टी. बाकीचे तिसऱ्या फोडीला सुटायचे, मामा मात्र अख्खं पपनस संपेपर्यंत "उतरली" म्हणायचे नाहीत.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी मामा आले ते भिंतीला धरतच. चेहरा घामानं भिजलेला. आप्पा खुशीत आले. "आज लईच टाकलीया! आज दोन लागत्याल!"

"खरंच फिरतंय रं," मामा म्हणाले आणि पहिली फोड तोंडात असतानाच ओट्यावरून खाली कलंडले.

मी शेजारीच राहतो. पिकअप काढली, मामांना आडवं घातलं आणि शिरूर गाठलं. वाटभर आप्पा मामांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना थांबे उलटे म्हणायला लावत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, ते पार तळाला गेलेलं. सलाईन लावून त्यांनी विचारलं, "दारू घेतात?"

"रोज!" आप्पा म्हणाले.

बाईंनी तपासणी केली. रक्तात दारूचा थेंब नव्हता.

आप्पांनी टाळीच वाजवली. "बघा! ह्येला म्हंत्यात पपनस! सगळी खरवडली!"

"रोज पपनस खातात?" बाई खुर्चीवरून उठल्याच. मामांच्या खिशात सापडलेली गोळ्यांची पट्टी त्यांनी पुढं धरली. "आणि ही बीपीची गोळी?"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. साखर कारखान्याच्या भागातल्याच असाव्यात. म्हणाल्या, "आजोबा, कारखान्याला दोन गेटं आहेत असं समजा. दारूच्या ट्रॉल्या खाली होतात एका गेटावर, म्हणजे लिव्हरात, तिथल्या वेगानं. पपनस खा नाहीतर पेरू खा, ती रांग लवकर सरकत नाही. यांच्या गोळीचा बराचसा भाग दुसऱ्या गेटावर, आतड्यातच मोडतो. पपनस नेमकं त्या गेटात आडवं बसतं. गोळी मोडत नाही, जास्तीची रक्तात जाते आणि बीपी कोसळतं. सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं, पण यांच्या गोळीचं आहे. एकदा खाल्लेलं पपनस दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथून हलत नाही, आणि तुम्ही तर रोज घातलंत."

आप्पांच्या हातातला टॉवेल खाली पडला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकताना पाहिलं.

"वाचंल ना?" एवढंच त्यांनी विचारलं. बाई "हो" म्हणाल्या, तरी ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी नर्सनं त्यांना बाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं.

सकाळी मामांनी डोळे उघडले. आप्पा कॉटच्या कडेला चहाची बशी घेऊन उभे.

"शंकऱ्या, दारू कुठं गेली रं तुझी?"

"सोडली," मामा म्हणाले. "गोळी चालू झाली तवाच."

"मंग रोज झोकांड्या खात माझ्या दारात कशाला येत व्हतास?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "नीट चालत आलो असतो तर रस्त्यातनंच 'काय शंकऱ्या' म्हनला असतास, आन् वाट मोकळी. प्यायलेल्याला तू बसवून घेतोस."

आप्पांनी बशीतला चहा फुंकला आणि मामांच्या ओठांना लावला. बराच सांडला.

दुपारी मी आप्पांना पिकअपमधून गावाकडं घेऊन निघालो. मामांना दोन दिवस ठेवणार होते. वाटेत रसवंतीवर थांबलो. आप्पांनी रस घेतला, पण प्यायले नाहीत. मला राहवलं नाही.

"आप्पा, सारी हयात दुधातलं पाणी ओळखलंत. मामांचं सोंग कळलं न्हाई व्हय तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग काल बाईंपुढंबी 'रोज' म्हणालात! कधी बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर त्यो घरी गेला असता."