नकाशावरचे नवरदेव

अक्षरं मी साठीत शिकलो, पण भला मोठा पडदा बोटावर नाचवायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही! खोटं वाटत असेल तर शेगावच्या वधू-वर मेळाव्यात विचारा. तिथं मला आता सगळेच ओळखतात!

माझी नात मयुरी लोणारला नर्स आहे. नोकरी सोडायला लावणारं घर तिला नको होतं, आणि त्यापायी चांगली चांगली स्थळं मोडली होती. म्हणून यंदा मीच कंबर कसली.

मेळाव्यात कपाटाएवढा काचेचा पडदा उभा होता. त्यावर विदर्भाचा नकाशा, आणि नकाशावर ज्वारी सांडावी तसे हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक नवरदेव! आपण अटीवर बोट ठेवायचं, की न जुळणारे ठिपके तिथल्या तिथं विझायचे. मी मयुरीचं नाव नोंदवून 'निर्व्यसनी'वर बोट ठेवलं. अर्धा विदर्भ अंधारात!

"हळू जी! एखादा तरी ठेवा पोरीले!" बायको अन्नपूर्णाबाई ओरडली.

'सुनेची नोकरी चालेल' दाबलं. उरले मूठभर. 'लोणारजवळ' दाबलं, आणि एकच ठिपका राहिला! त्याला बोट लावताच फोटो उघडला. गोपाल, मेहकरला आयटीआयमध्ये शिकवतो.

"आबा, बरा दिसते," मयुरी हळूच म्हणाली.

मला आकाश ठेंगणं झालं! पडद्यावरच शेगावच्या महाराजांचा फोटो होता. शुभकार्याआधी डोकं टेकवायची आपली रीत. मी दोन्ही तळहात काचेवर ठेवले आणि महाराजांच्या पायाशी कपाळ टेकवलं.

तळहाताखाली होतं 'सर्व अटी काढा'. कपाळाखाली होतं 'सर्वांना पसंती कळवा'!

नकाशा दिवाळीसारखा पेटला. पाठोपाठ मांडवातले सगळे फोन एकदम किणकिणले.

"मयुरीकडून पसंती आली!"

"आमच्याकडेही आली!"

"अबे, माह्याही पोराले आली!"

लोकांनी आम्हाला घेरलं. एकानं तर माझ्या तोंडात पेढाच कोंबला. तेवढ्यात गोपालचे वडील पुंजाजी गर्दी कापत आले. लालबुंद!

"काय हो पाहुणे, आमचा पोरगा कितव्या नंबरवर?"

"तो एकटाच होता जी! मी फक्त डोकं टेकवलं!"

"टेकवलं का गहाण ठेवलं?"

मयुरीचा चेहरा उतरला. पण तीच पुढं झाली. "काका, आबा महाराजाच्या पाया पडले अन् हे झालं. माह्या मनात तुमचंच घर आहे. पण नोकरी मी सोडणार नाही."

पुंजाजी पडद्याकडे बघतच राहिले. मग पोट धरून हसले. "सकाळी मीही तिथंच डोकं टेकवलं! तरीच म्हणलं, एवढ्या पोरींचे बाप मले काऊन फोन करून राह्यले! अन् नोकरी कायले सोडतं पोरी? खुशाल कर!"

गोपाल आणि मयुरी बोलायला बसली. मी बसलो बाकीच्यांना फोनवर नकार द्यायला. एक गृहस्थ म्हणाले, "बरं झालं तुम्हीच सांगितलं. आम्हीही नाहीच म्हणणार होतो."

मी ताडकन उभा राहिलो. "काऊन? काय कमी आहे आमच्या पोरीत?"

अन्नपूर्णाबाईनं फोन हिसकावला नसता, तर तेही स्थळ मी पक्कं करूनच खाली बसलो असतो!