यानेकेचा पियानो आणि तिसरा मजला

“जिना माणसांसाठी असतो आणि खिडकी सामानासाठी! पियानो हलवायला पैसे कसले मोजायचे?” हार्मेनने जाहीर करून टाकलं.

त्याचं तरी काय चुकलं? अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी जन्म गेलेला माणूस तो. तिथल्या प्रत्येक घराच्या माथ्यावर एक लोखंडी हूक. हुकाला कप्पी लावायची, कप्पीत दोर ओवायचा, की कपाटापासून पलंगापर्यंत सगळं खिडकीतून खाली-वर! शिवाय हार्मेनने बांधांवर पाण्याची पातळी मोजण्यात उभी हयात घालवलेली. त्याने पियानो तीनदा मोजला. जुनी खिडकी मोजली, नवी मोजली, गाडीचं दारसुद्धा मोजलं.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, यानेकेसाठी. तिचे गुडघे गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर, जिना शिडीसारखा उभा. दोन हिवाळे ती खाली उतरली नव्हती. पाण्यापलीकडच्या नव्या इमारतीत तिसरा मजलाच मिळाला, पण लिफ्ट होती. यानेकेला मात्र धास्ती होती. इथे गल्लीतले लोक तिचा रोजचा पियानो ऐकून म्हणत, “चार वाजले.” तिथे तिला ओळखणार कोण?

“पियानो आधी जाईल,” तिने बजावलं. “तो नव्या घरात पोचला तर मी राहीन. नाहीतर आल्या पावली परत! गुडघे मोडले तरी हा जिना चढेन!”

मेमधल्या एका शनिवारी यानेकेचा धाकटा भाऊ वुबो आपल्या बेकरीतले दोन गडी घेऊन आला. पियानो खिडकीतून बाहेर निघाला, डौलात दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला आणि तेवढ्यात साडेदहा वाजले. साडेदहा म्हणजे कॉफी! त्याला इलाज नाही. दोर पुलाच्या कठड्याला पक्का बांधून चौघे कॉफी प्यायला बसले.

दुसऱ्या मजल्यावरून उटेबाई ओरडल्या, “हार्मेन! माझ्या खिडकीत पियानो आहे!”

“कॉफी झाली की जाईल!”

“मग मलाही एक कप पाठव! अंधारात बसवलंयस ते बसवलंयस!”

बाकी सगळं बिनबोभाट पार पडलं. नव्या इमारतीसमोर गाडी थांबली. वुबोने खांद्यावर दोर घेतला, मान वर केली आणि तशीच ठेवली.

“दाजी, हूक कुठाय?”

“असेल की. नीट बघ.”

वुबोने नीट बघितलं. गड्यांनी बघितलं. चौघांनी इमारतीला प्रदक्षिणा घातली. सपाट, गुळगुळीत भिंत! हूक नसलेलं घर जगात असू शकतं, हे हार्मेनच्या डोक्यात साठ वर्षांत आलं नव्हतं.

मग लिफ्टकडे मोर्चा. पियानो चार बोटं लांब निघाला! जिन्याने नेला, तर पहिल्याच वळणावर असा अडकला की वर जाईना, खाली येईना. अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर तो तळमजल्याच्या मोकळ्या जागेत येऊन टेकला.

“मी ताईला घेऊन येतो,” वुबो घाम पुसत म्हणाला. “तोवर काय सांगायचं ते ठरवा.”

हार्मेनने कोपऱ्यावरून ट्युलिप आणले आणि बायको निदान फुलांकडे तरी बघेल म्हणून पियानोवर ठेवले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या मिपबाई दार उघडून बाहेर आल्या. फुलं दिसली, पियानो दिसला, घाबराघुबरा हार्मेन दिसला.

“अगंबाई, वाढदिवस! अभिनंदन!”

“माझा नाही हो...”

“मग बायकोचा! तुमचं तर आधी अभिनंदन!”

तिकडची रीतच तशी. वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्या घरादाराचं. हार्मेन तोंड उघडेपर्यंत मिपबाईंनी चार दारं वाजवली होती. खुर्च्या आल्या, रिवाजाप्रमाणे गोल मांडल्या गेल्या, कोणी चीजचे तुकडे आणले, कोणी केक कापला. पंधरा मिनिटांत अठरा माणसं गोलात बसली!

आणि यानेके दारात उभी राहिली, वुबोचा हात धरून.

हार्मेन पुढे झाला. “यानेके, इथे हूकच नाही गं. सगळं मोजलं, वर बघायचं राहिलं. चुकलो मी.”

ती काही बोलायच्या आत अठरा माणसं उठली. “अभिनंदन, बाई!” एकेकाने तिचा हात हातात घेतला. मग हार्मेनचं अभिनंदन, वुबोचं अभिनंदन, शेवटी एकमेकांचंही.

“कोणाचा वाढदिवस आहे?” यानेके कुजबुजली.

“तुझा.”

तिने त्या सगळ्या अनोळखी चेहऱ्यांकडे पाहिलं. दोन वर्षांत इतके हात तिच्या हातात आले नव्हते. तिचे डोळे भरून आले.

“स्टूल आणलंयस ना?” तिने विचारलं.

ती वाजवायला बसली. लिफ्ट वर जायची, आणखी माणसं घेऊन खाली यायची. वाजवणं संपल्यावर कोणी विचारलं, “उद्याही वाजवाल ना?” पियानो इथेच राहू दे, असं मिपबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं.

“हार्मेन,” यानेके उठत म्हणाली, “चावी दे. आपलं घर तर दाखव.”

हार्मेनने लगबगीने चावी काढून दिली. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

पण पुढच्या मेमध्ये त्याच तारखेला पुन्हा खुर्च्या गोल मांडलेल्या! तिकडे घरोघरी, हार्मेनकडेही, संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं; शेजाऱ्यांनी आपापल्या कॅलेंडरात ती तारीख लिहून ठेवली होती.

“हे काही बरं नाही,” रात्री केकचा उरलेला तुकडा संपवत हार्मेन म्हणाला. “उद्या सगळ्यांना तुझी खरी तारीख सांगून टाकतो.”

“सांग की,” यानेके म्हणाली. “कोणती सांगशील?”

हार्मेनने बोटांवर महिने मोजून बघितले.

“आलोच हं,” म्हणत तो घाईघाईने संडासाकडे निघाला.