डावीकडे दोनशे, उजवीकडे तीनशे

रविवारी सकाळी भुवनेश्वरीनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि डब्यातली ज्वारी मिक्सरबरोबर आलेल्या मापाच्या भांड्यात ओतली. भांड्यावर मिलिलिटरचे आकडे होते. एका पिशवीत दोनशे भरली, दुसरीत तीनशे. पिशव्या तिनं जुन्या ओढणीच्या शिवलेल्या, मऊ आणि गोलसर. दोनशेची डावीकडे आणि तीनशेची उजवीकडे अशा तिनं त्या ब्राच्या आत नीट बसवल्या, वरून गाऊन चढवला आणि भाकऱ्या थापायला उभी राहिली. दोन्हींपैकी कुठली बाजू आपली वाटते, एवढंच तिला बघायचं होतं.

लगेच भुवया चढवू नका. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललं होतं. भुवनेश्वरी सोलापुरातल्या एका कन्याशाळेत गणित शिकवते. चव्वेचाळीस वर्षांची बाई. साखर वाढल्यावर तिनं दीड वर्ष रोज पहाटे तळ्याला फेऱ्या मारून बक्कळ वजन उतरवलं. पण वजन कुठून उतरायचं हे माणसाच्या हातात नसतं. दोन लेकरं अंगावर वाढवलेली, त्यात हे. आरशात बघितलं की तिला स्वतःची छाती दुसऱ्या कुणाची तरी धुऊन वाळत घातल्यासारखी वाटायची. दुसरी एखादी असती तर आता या वयात काय करायचंय म्हणून गप्प बसली असती. ही बाई गप्प बसणारी नव्हती. तिनं सहा महिने वाचलं, मैत्रिणींना विचारलं आणि एक दिवस शाळा सुटल्यावर सरळ प्लास्टिक सर्जन डॉक्टर अपेक्षा बिराजदारांच्या समोर जाऊन बसली. मला तरी या धाडसाचं कौतुक वाटतं बुवा.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नुसतं इम्प्लांट घालून भागणार नाही, आधी उचलून शिवावं लागेल, म्हणजे लिफ्ट, आणि त्याबरोबर इम्प्लांट. प्रश्न राहिला मापाचा. दोनशे ते तीनशे सीसीच्या मधलं काहीतरी ठरवायचं होतं. अंदाज यावा म्हणून त्यांनी घरी दोन दिवस तांदळाच्या पिशव्या घालून वावरायला सांगितलं. आता सोलापुरी घरात तांदूळ पाहुण्यासारखा येतो, राहते ती ज्वारी. म्हणून ज्वारी.

नवऱ्याला, शिवशरणला, तिनं सांगितलं होतं. त्याचं कुंभारी रोडला मोटारपंपांचं दुकान. माणूस सरळ, नाही म्हणाला नाही, पण जगातली प्रत्येक गोष्ट तो हॉर्सपॉवरमध्ये मोजतो. त्यानं क्षणभर विचार केला आणि तीनशे घे म्हणाला. बोअरला मोटार जरा मोठीच टाकावी, मागनं पाणी खाली गेलं की पस्तावा होतो, असं त्याचं म्हणणं. मी बोअर नाही, एवढंच बोलून भुवनेश्वरी उठून गेली.

सासूला मात्र सांगायचं नाही हे नक्की होतं. बसव्वा, शिवशरणची आई, तोंडानं वाईट नाही. पण तिचा एक शब्द आहे, ‘कशाला?’ भुवनेश्वरीची स्कूटर या शब्दापुढं दोन वर्षं अडली, केरळची सहल तर कायमचीच गेली. बसव्वा भांडत नाही की ओरडत नाही. ती कशाला म्हणते आणि कामाला लागते, आणि समोरच्याला खरंच वाटायला लागतं की, कशाला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी ठरवलेलं, ते या एका शब्दापुढं ठेवायची भुवनेश्वरीची तयारी नव्हती.

तिसरी भाकरी तव्यावर असतानाच दार उघडलं आणि बसव्वा गळ्यात टेप अडकवून आत आली. चार महिन्यांनी वळसंगला नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. बसव्वाच्या आईनं तिला दिलेला एक गर्द लाल खण तिनं उभ्या आयुष्यात कात्री न लावता जपून ठेवलेला, त्याचा ब्लाउज ती सुनेला शिवणार होती. आणि आजच माप घेऊन कापायला घेणार होती, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन झाल्यावर मशीनवर बसवेल न बसवेल, तिला खात्री नव्हती.

“हात वर कर,” बसव्वा म्हणाली.

भुवनेश्वरीनं पिठाचे हात वर केले. दुसरं काय करणार? बसव्वानं गाऊनवरनंच उजवी बाजू मोजली, डावी मोजली, परत उजवी मोजली. डोळ्याला नीट दिसत नसलं तरी टेपवरची खूण तिला बोटांनी कळायची. तिनं टेप परत गळ्यात अडकवला.

“भुवना, पोरांला कुटल्या बाजूला जास्त पाजलंस गं?”

“दोन्हीकडं सारखंच, अत्ती.”

“हूं,” म्हणून बसव्वा निघून गेली, आणि दुपारपर्यंत खण कापला गेलासुद्धा.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. त्या दिवसापासून बसव्वाचं सुनेच्या डाव्या बाजूकडे लक्ष लागलं. ती उघड काही बोलेना, पण भुवनेश्वरीच्या ताटात एकाएकी डिंकाचा लाडू यायला लागला. पर्स डाव्या खांद्याला लावू नकोस, वजनानं बाजू उतरती, असं बसव्वा दोनदा सांगून गेली. आता हिच्यासमोर सपाट वावरायची सोय राहिली नाही. शाळेतून आलं की चप्पल काढायच्या आधी भुवनेश्वरी खोलीत जायची आणि ज्वारी चढवून बाहेर यायची, दोनशे डावीकडे, तीनशे उजवीकडे. डॉक्टरांनी सांगितलेले दोन दिवस बघता बघता दोन आठवडे झाले.

त्यातनं एक मात्र झालं, मापाचं ज्ञान पक्कं झालं. तीनशेनं तिचा उजवा खांदा भरून यायचा, कणीक मळताना मध्ये मध्ये यायचं. दोनशे आहे की नाही हेच कळायचं नाही. मग एका संध्याकाळी बसव्वा देवळात गेलेली बघून तिनं दोन्हीकडे अडीचशे भरले आणि आरशापुढं उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग स्वतःशीच हसली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला राग आला नाही. तिचं माप तिला सापडलं होतं.

पण खण? इथं बसव्वाच्या शिवणकामाबद्दल सांगायला हवं. बसव्वाचा ब्लाउज अंगावर असा बसतो की बायका वळून बघतात. फक्त ती माया ठेवत नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड, अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून. बसव्वा ते ठेवतच नाही. तुम्ही जाड झालात तर तो तुमचा दोष, ब्लाउजचा नव्हे, असं तिचं रोखठोक मत. बसव्वाच्या हाताला माया न्हाय, असं अख्खी गल्ली म्हणते. भुवनेश्वरी बावीस वर्षं त्या घरात सून आहे, आणि तिला हे वाक्य दोन्ही अर्थांनी पटलेलं होतं.

तेव्हा हिशेब सरळ होता. उजवी बाजू सैल झाली तर आत घेता येईल, पण डावी दोनशेवर कापलेली, ती सोडायला आत कापड नाही. नवरा म्हणतो तीनशे, खण म्हणतो दोनशे, आणि हिला हवेत अडीचशे. गणिताच्या बाईंना हे गणित काही सुटेना. शेवटी ती खणापुढं हरली. म्हातारीचा तो शेवटचा ब्लाउज, तो लग्नात अंगाला आला नाही तर तिचं उतरलेलं तोंड सुनेला बघवलं नसतं. तिनं डॉक्टरांकडं जाऊन दोनशेच घाला म्हणून सांगितलं, आणि विचारल्यावर कारणही सांगून टाकलं.

डॉक्टर पोट धरून हसल्या. ब्लाउजला विचारून ऑपरेशन करून घेणारी त्यांना पहिलीच भेटली. मग त्यांनी नीट समजावलं की लिफ्टमध्ये कातडी कमी करून घट्ट शिवायची असते आणि इम्प्लांट तीच कातडी आतून ताणतं. म्हणून फार मोठं घातलं तर टाक्यांवर ओढ येते, व्रण रुंदावतात आणि उचललेलं पुन्हा उतरतं. यजमानांचं तीनशे त्यांनी तिथंच खोडलं. अडीचशे तुमच्या अंगाला सोसेल, दोनशेही चालेल, पण तुम्हाला काय हवंय ते ऐकून मी ठरवणार, खणाचं ऐकून नाही, असं म्हणून त्यांनी तिला शनिवारपर्यंत वेळ दिला.

शुक्रवारी बसव्वानं ब्लाउज घालून बघायला बोलावलं. कच्चे टाके घातलेले. भुवनेश्वरी ज्वारीसकट त्यात शिरली. बसव्वा टाचण्या तोंडात धरून उजव्या बाजूचा टक, म्हणजे छातीला आकार देणारी चुणी, नीट करत होती. दिसत कमी असल्यामुळं तिनं टाचणी जरा जोरात खुपसली, आणि ती हलवून बाहेर ओढली. ओढणीचं जुनं कापड ते, टरकन फाटलं.

आधी दोन-चार दाणे पडले. मग धारच लागली. शहाबादी फरशीवर ज्वारी टपटपत राहिली, आणि सुनेची उजवी बाजू बसव्वाच्या हाताखाली हळूहळू खाली बसत गेली. धार थांबल्यावर बसव्वानं तोंडातल्या टाचण्या काढल्या, खाली वाकली, चिमूटभर दाणे उचलून डोळ्यांपाशी नेले आणि एक दाताखाली फोडून बघितला.

“मालदांडी हाय व्हय?”

“व्हय, अत्ती,” भुवनेश्वरी म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. रडता रडता तिनं सगळं सांगितलं, आरसा, डॉक्टर, लिफ्ट, पिशव्या, काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि त्या एका शब्दाची वाट बघत उभी राहिली.

बसव्वानं डाव्या पिशवीला बाहेरनं बोट लावून बघितलं.

“शिवूला म्हाईत हाय?”

“हाय.”

“त्यो काय म्हनतोय?”

“तीनशे घे म्हणतात.”

“त्याला मोटारी इकू दे,” बसव्वा म्हणाली. “तुला किती पायजे?”

भुवनेश्वरीनं डोळे उघडले. नवऱ्यानं सांगितलं होतं, खणानं सांगितलं होतं. या घरात तिला कुणी विचारलं नव्हतं.

“अडीचशे.”

“मंग अडीचशे घे की. वर उचलून शिवनार म्हनतीस, तर टक बी वर घ्यावं लागतील. त्ये मी बघते.”

“पण अत्ती, डावी बाजू दोनशेवर कापलीय. तुम्ही माया ठेवत नाही.”

बसव्वानं सुनेच्या अंगावरचा ब्लाउज उतरवला, उलटा केला आणि डावीकडची शिवण तिच्या बोटांत दिली. आत लाल खणाची पट्टी दुमडलेली होती, चांगली दोन बोटं रुंद.

“मला वाटलं, पोरीची एक बाजू उतरलीया, कुनाला सांगत न्हाय. आज न्हाय तर उद्या भरंल. तवा खण कमी पडाया नगं.”

भुवनेश्वरी ती पट्टी धरून खाली ज्वारीतच बसली. बावीस वर्षं आपण या बाईबद्दल काय समजत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तिला तसं फार वेळ बसता आलं नाही, कारण बसव्वानं सूप आणलं आणि दाणे गोळा करायला लावले. दुसऱ्या दिवशी त्याच ज्वारीची भाकरी शिवशरणनं दोनदा मागून घेतली. आज भाकरी लई गोड लागतीया म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

आधी सुनेचं ऑपरेशन झालं, मग सासूच्या डोळ्यांचं. दोन्ही झकास पार पडली. पहिलं कशाचं झालं ते पाहुण्यांत कुणाला कळलं नाही, बसव्वानं सगळ्यांना पाठदुखी म्हणून सांगितलं होतं.

वळसंगच्या लग्नात भुवनेश्वरी इरकल नेसून आणि तो लाल खण घालून मांडवात शिरली, तेव्हा बायकांची बोलणी थांबली. ती ताठ चालत होती. बाई काही विशीची दिसत नव्हती, तिला तसं दिसायचंही नव्हतं. ती स्वतःच्या अंगात परत राहायला आल्यासारखी दिसत होती, आणि फार सुरेख दिसत होती. नणंद धावत आली, तिला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि टेलर कोण म्हणून विचारलं. आईनं शिवलाय म्हटल्यावर तिला पटेना. आई इतकं ऐसपैस कधी शिवत नाही, असं तिचं म्हणणं.

बसव्वा खुर्चीवर बसली होती. नव्या डोळ्यांनी तिनं सुनेला त्या खणात पहिल्यांदाच इतकं लख्ख बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, टकांपाशी जरा जास्त वेळ थांबली आणि समाधानानं मान हलवली.

“अडीचशेच बरूबर बसलं.”

“अडीचशे काय गं अव्वा?” नणंदेनं विचारलं.

“जवारी,” बसव्वा म्हणाली, आणि अक्षता घेऊन उठली.