दह्याशेजारचं रक्त

आमच्या चारकोपच्या घरात दर शनिवारी फ्रिजमध्ये दह्याशेजारी म्हशीचं रक्त असतं. नळ्यांचा तो डबा घाडीकाकांचा. समोरच्या घरात एकटेच राहतात. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत फिरून म्हशींच्या मानेतून रक्त काढायचं, ही त्यांची नोकरी. लाळ्या-खुरकुताची, म्हणजे गुरांच्या तोंडा-खुरांच्या रोगाची, लस अंगात टिकली आहे की नाही, ते त्यावरून कळतं. शनिवारी दुपारी लॅब बंद होते आणि काकांचा फ्रिज दोन वर्षं बिघडलेला, म्हणून रक्त सोमवारपर्यंत आमच्याकडे. दोन वर्षांत माणसाला एक मेकॅनिक सापडू नये?

बरं, ठेवून गप्प बसतील तर शपथ. नळ्या हलल्या की नमुना वाया, त्यामुळे आमच्याच फ्रिजचं दार आम्ही चोरासारखं उघडतो. रविवारी तीनदा डबा बघायला येणार, तीनदा चहा घेणार. आणि म्हशींच्या सवयीने प्रत्येकाचं तोंड नि पाय बघणार. माझ्या सासूबाई जरा लंगडत आल्या, तर यांनी पहिला प्रश्न केला, "लाळ गळता काय?" तबेलेवाल्याने आजारी म्हैस लपवली असली की मग तासभर संताप, शेवटी ठरलेलं वाक्य, "रगात खोटा बोलना नाय. माणसा बोलतत."

गेल्या रविवारी मात्र हद्द झाली. पाहुण्यांसाठी श्रीखंड म्हणून बायकोने नेमका तोच डबा टेबलावर आणून उघडला. पाहुणे न जेवता गेले.

मी डबा उचलला आणि तडक काकांच्या घरी. ते दारातच आडवे आले, फ्रिज बंद आहे म्हणाले. मी ऐकतोय कुठला? स्वयंपाकघरात जाऊन डबा ओट्यावर ठेवला आणि फ्रिज उघडला. आत दिवा लागला. गार हवा तोंडावर आली. आत पाण्याची एक बाटली आणि अर्धं लिंबू.

"चालतोय की हा!"

काका ओट्याकडे बघत म्हणाले, "चालता. पण डबो हय ऱ्हवलो, तर मी तुमच्याकडे येव कित्याक?"

दोन वर्षं धडधडीत खोटं बोलले होते ते, आणि लाज मात्र मला वाटली. राग गेला नव्हता. तरी डबा पुन्हा उचलला आणि दोन्ही हातांत धरून, अजिबात न हलवता, घरी आणला. काका मागोमाग आले. मी बायकोला चहा टाकायला सांगितला.