सहा किलो सोसणारा गुडघा

मनुष्याच्या गुडघ्याला वाचा नसते. त्याच्या वतीने मालकाला बोलावे लागते. वैद्यकशास्त्राची निम्मी इमारत मालक खरे बोलेल या विश्वासावर उभी आहे.

मुलुंड पूर्वेच्या उत्तराबाईंचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि घर होते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना न थांबता चढता यावा, एवढीच त्यांची इच्छा. सध्या दर मजल्यावर त्या सोसायटीच्या नोटिसा वाचायला म्हणून थांबत. (टाकी सफाईची नोटीस त्यांना तोंडपाठ होती. गेल्या वर्षीची.)

अशात जवळच्या एका दवाखान्यात गुडघेदुखी आणि ॲक्युपंक्चर यांवर संशोधन सुरू झाले. पद्धत निर्दोष होती. गुडघ्याभोवतीच्या ठरावीक बिंदूंवर यंत्राने दाब वाढवत न्यायचा. दुखू लागताच रुग्णाने तसे सांगायचे. जो कमी दाबाला बोलेल त्याचे बिंदू संवेदनशील, आणि उपचाराच्या सुया त्यालाच.

रांगेत पुढे तळमजल्याच्या रेवतीताई होत्या. त्या बाहेर आल्या त्या विजयी मुद्रेने. "चार किलो दाब सोसला गं! हूं की चूं केलं नाही."

त्या क्षणी उत्तराबाईंच्या मनातून उपचार गेला आणि तिथे परीक्षा येऊन बसली. दुखतंय म्हणणे हा त्यांच्या माहेरी आळस गणला जाई आणि सासरी नाटक.

"काकू, दुखलं की लगेच सांगा हं," डॉ. प्रबुद्ध म्हणाले.

"दाबा तुम्ही."

पाच किलोला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दुखतंय का?"

"छे हो, कचरा गेला डोळ्यात."

सहा किलोला यंत्र दाबून धरणारा डॉक्टरांचाच अंगठा दुखू लागला. (त्यांनी तसे लगेच सांगितले. ते पुरुष होते.)

यजमान श्यामसुंदर बायकोची पर्स सांभाळत बसले होते. एक माणूस कमी पडत होता म्हणून त्यांनाही तपासले. यंत्र गुडघ्याला टेकायच्या आतच ते "आई गं!" म्हणून ओरडले. अहवालात नोंद झाली ती अशी : तपासलेल्या सर्व स्त्रियांचे गुडघे समाधानकारक, पुरुषांची परिस्थिती गंभीर.

मग दर मंगळवारी श्यामसुंदरांना सुया टोचू लागल्या. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. त्यांचा टॉवेल आणि सुयांनंतरच्या चहाचा थर्मास घेऊन उत्तराबाई मागून चढत. उपचार संपले तेव्हा श्यामसुंदर घरचे तिन्ही जिने न थांबता चढले. (ते आधीही चढत. पण तसे कोणी विचारले नव्हते.) संशोधन यशस्वी ठरले.

"उत्तरा, एकदम झकास उपचार आहे हा! तूही घ्यायला हवा होतास," ते वरून म्हणाले.

"मला कशाला? मला कुठे दुखतंय?" दुसऱ्या मजल्यावर नोटिशीसमोर उभ्या असलेल्या उत्तराबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होते, आणि रागही. पण कोणाचा, हे नोटिशीत नव्हते.

या निष्कर्षांची फेरतपासणी घरोघरी व्हावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. वाचकांनी बसल्या जागेवरून स्वयंपाकघराच्या दिशेने विचारावे, "गुडघे दुखतात का गं?" उत्तर "छे" असे येईल. ते ग्राह्य धरावे. आणि हाक मारलीच आहे, तर चहाही सांगून टाकावा.